शिकवणारीच्या अटींवर

पुण्याहून सोलापूरकडे येताना टेंभुर्णी मागे पडली की मोडनिंब लागतं. माढा तालुक्यातलं, कुर्डुवाडी–पंढरपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव. शेतकऱ्याला ते बाजारासाठी ठाऊक, वारकऱ्याला पंढरपूरच्या वाटेवरचं म्हणून ठाऊक, आणि पुरुषांच्या गप्पांत ते ठाऊक असतं तिथल्या कलाकेंद्रांमुळे. 'अमका मोडनिंबला दिसला' एवढं वाक्य आमच्या भागात पुरतं. पुढचं ऐकणारा समजून घेतो आणि हसतो. त्या हसण्यातून तो अमका सहीसलामत सुटतो. बदनाम होते ती तिथे नाचणारी.

आता याच लावणीकडे शहरातल्या बायका वळू लागल्या आहेत. 'फक्त महिलांसाठी' अशी जाहिरात करून लावणीचे कार्यक्रम होऊ लागले. २०१० साली 'नटरंग' चित्रपट आला आणि लावणी स्नेहसंमेलनांत, सोसायटीच्या गणपतीत जाऊन पोचली. २०१४ साली भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं. पुढे सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यांनी त्यावर रंगमंचावरचा कार्यक्रमही उभा केला. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या, बारीत आयुष्य काढलेल्या कलावंत स्वतः नाचल्या आणि स्वतः बोलल्याही. शकुंतलाबाईंनी कार्यशाळा घेऊन शहरातल्या बायकांना लावणी शिकवली. याची पुढची पायरी म्हणजे सहल. शहरातून निघायचं, कलावंतांच्या गावी जायचं, तिथेच दोन तास शिकायचं, पाहायचं आणि परत यायचं.

आमच्या गटापुढे असाच एक प्रस्ताव आला. पुण्या-मुंबईच्या वीस-पंचवीस बायका पंढरपूरला येणार आहेत. वाटेत मोडनिंबला थांबून एका पार्टीकडून अदा शिकायची, रात्री बैठक पाहायची, आणि हे सगळं आमच्या गटानं मध्ये पडून ठरवून द्यायचं. गटाच्या सभेत दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, ज्या रचनेनं बाईचं शरीर जातीनं ठरवून बाजारात बसवलं, तिथे सहल कसली काढता? दुसरी म्हणाली, कला वेगळी आणि त्यामागचं जिणं वेगळं. आपण कलेपुरतं बघावं. मला दोन्ही म्हणणी पुरी पटत नाहीत. का, ते मांडण्यासाठी हा लेख.

पहिलं म्हणणं वजनदार आहे, म्हणून ते आधी घेते. संगीत बारी चालते कशी? एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, पेटी-तबला-ढोलकीवाले. आधी रंगमंचावर तिकिटाचा खेळ होतो. मग ज्याला जी पार्टी आवडेल तो तिची खासगी बैठक घेतो. मिळकतीत थिएटरमालकाचा वाटा, साजिंद्यांचा वाटा, मालकिणीचा वाटा. उरेल ते नाचणारीचं, आणि त्यावर मागे गावाकडे अख्खं घर चालतं.

बारीत नाचणाऱ्या पुष्कळजणी कोल्हाटी समाजातल्या. तिथली पूर्वापार रीत अशी की मुलीनं नाचावं आणि सुनेनं घरात राहावं. मुलगी वयात आली की पैसेवाल्या पुरुषाकडून चिऱ्याची रीत व्हायची, आणि त्यानंतर तिला लग्न नाही. तिच्या कमाईवर भाऊ जगायचा, आणि त्याच भावाची बायको पदराआड 'घरंदाज' म्हणून मिरवायची. 'चांगली बाई' आणि 'वाईट बाई' अशी जी भिंत समाज आपल्यामध्ये बांधतो, ती इथे एकाच छपराखाली बांधलेली आहे. आणि त्या भिंतीचा खर्च भागतो 'वाईट' म्हटलेल्या बाईच्याच कमाईतून! आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मध्ये हे सगळं आतून सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी, १९९५ साली, शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. वरच्या जातीच्या बाईला पातिव्रत्य आणि खालच्या जातीच्या बाईला रंजन, ही वाटणी लावणीच्या इतिहासात कशी मुरली आहे, ते त्यांनी दाखवलं. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं पुस्तक २०२२ साली आलं. 'अश्लील' हा शिक्का कुणावर बसतो आणि कुणावर बसत नाही, याचा हिशेब त्यात आहे.

म्हणजे शोषण आहे, हे मान्यच. पण म्हणून दार लावून घ्यायचं का? दार लावल्यानं काय होतं ते आपण एकदा पाहिलं आहे. २००५ साली राज्य सरकारनं स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं नाव घेऊन डान्स बार बंद केले. स्त्री चळवळीतही त्यावर मतभेद झाले. त्याच वर्षी एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन यांनी बारमधल्या बायकांची पाहणी केली. त्यात पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगलेल्या जमातींतल्या बायकाही भेटल्या. उच्च न्यायालयानं २००६ साली बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल २०१३ साली कायम केला, सरकारनं पुन्हा कायदे केले, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या अटी पुन्हा सैल केल्या. या चौदा वर्षांत जिचं काम गेलं तिला मधल्या काळात कुणी विचारलं? प्रतिष्ठा तिची, पण ठरवणारे दुसरे. आपण सभेत बसून मोडनिंबच्या बायकांसाठी 'नको' म्हणणं याच जातीचं आहे.

आता दुसरं म्हणणं: कला वेगळी, बाई वेगळी. लावणीत तर हे मुळीच लागू पडत नाही. जुन्या लावण्या लिहिल्या कुणी? रामजोशी आपल्या सोलापूरचे. त्यांच्याबरोबर होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर. सारे पुरुष. लावणीत बोलणारी 'मी' बाईची आणि लिहिणारा हात पुरुषाचा. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, त्यामुळे दोनशे वर्षांनीही लावणी कुणाची ते कळतं. पण बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि भुवई, मान, बोटं, पदर एवढ्यावर दर वेळी वेगळा अर्थ उभा करते. एकदा लाडीगोडी, एकदा राग, एकदा टोमणा, एकदा त्याच पुरुषाची टिंगल. ही अदा शाहिरानं लिहिलेली नाही. ती तिनं, तिच्या आईनं, मावशीनं रचली. त्यावर मात्र कुणाचंच नाव नाही. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या निनावी रचनेचा थोडासा मान झाला. बाकीच्या शेकडोजणींची अदा नावाशिवायच पुढे जात राहिली. शहरातल्या नाचाच्या क्लासमध्ये ती चित्रफितीवरून उचलली जाते, फी घेऊन शिकवली जाते, आणि जिच्याकडून आली तिचा उल्लेखही होत नाही.

म्हणूनच शिकवण्याचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बैठकीत ती नाचणारी असते, समोरचा गिऱ्हाईक असतो. तो हुकूम सोडतो, ती पुरा करते. वर्ग भरला की हे उलटं होतं. ती बसलेली, समोरची उभी. 'चुकलं, पुन्हा कर' म्हणण्याचा अधिकार तिचा. आपल्या अंगात मुरलेलं ज्ञान हे ज्ञान आहे, त्याला फी असते, आणि ते कुणाला द्यायचं ते आपण ठरवू शकतो, हे तिच्या हातात येतं.

यात पोटाचाही प्रश्न आहे. नाचण्याची वर्षं थोडी. चाळ बांधून रात्र रात्र उभं राहायचं, गुडघे आणि कंबर किती दिवस साथ देणार? तरुण मुली पुढे आल्या की थोरलीला बैठका कमी होतात. वृद्ध कलावंतांसाठी सरकारचं मानधन आहे, २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झालं. पण त्यासाठी वयाची ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि कला सादर केल्याचे कागद दाखवावे लागतात. नाच थांबला आणि मानधन सुरू झालं नाही, अशी मधली दहा-पंधरा वर्षं तिनं काढायची कशावर? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून थिएटरं बंद झाली, तेव्हा रोजच्या बैठकीवर पोट असणाऱ्यांच्या हाती दुसरं काही नसलं की काय होतं तेही दिसलं. नाच थांबतो त्याच वयात अदा सर्वांत पिकलेली असते. शिकवणं हे त्या वयातलं काम होऊ शकतं.

पण हे आपोआप होत नाही. मध्ये दलाल शिरला की वर्गाचीही बैठकच होते. मालक पैसे घेणार, सहल काढणारी कंपनी पैसे घेणार, आणि शिकवणारीच्या हातावर चहापाण्याचे ठेवणार. सरकारचंही धोरण आहे. २०२३ साली महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आलं. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार ठरावीक मर्यादेत परत देतं. चांगलं आहे. पण आधी बँकेनं कर्ज द्यायला हवं. थिएटरच्या खोलीत राहणाऱ्या, कायम पत्ता नसलेल्या बाईला ते कोण देणार? गटांनी मध्ये पडायचं असेल तर इथे पडावं: तिचे कागद, तिचं बँकेतलं खातं, तिची ओळखपत्रं.

म्हणून सभेत मी 'हो, पण अटींवर' असं म्हटलं, आणि आम्ही अटी लिहून काढल्या. फी आधी ठरेल आणि शिकवणारीच्या हातात किंवा खात्यात जाईल, साजिंद्यांची वेगळी. त्या दिवशी बुडणाऱ्या कमाईपेक्षा फी कमी नसेल. परवानगीशिवाय फोटो किंवा चित्रण नाही, कारण कित्येकींची मुलं वसतिगृहात शिकतात आणि आई काय करते ते तिथे सांगता येत नाही. लग्न झालंय का, मालक कोण, चिरा कधी झाला, असले प्रश्न कुणी विचारणार नाही. आपण शिकायला जातो आहोत, चौकशी समिती म्हणून नव्हे. पाहुण्यांसमोर लहान मुलींना नाचायला उभं करायचं नाही. शिकलेलं पुढे कुठे सादर केलं, तर कुणाची अदा ते नाव घेऊन सांगायचं. आणि गंमत म्हणूनही कुणी दौलतजादा करायची नाही.

या अटी घेऊन आम्ही दोघी पार्टीच्या मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी त्या ऐकून घेतल्या आणि आपल्या परीनं बदलल्या. सकाळी दहाची वेळ त्यांनी खोडली. बैठका रात्री उशिरा संपतात, तेव्हा वर्ग दुपारी तीनला. दौलतजादेची अट त्यांनी उडवूनच लावली. कलेवर खूश होऊन कुणी पैसा दिला तर त्यात कमीपणा कसला? फक्त तो हातात द्यावा, अंगावर फेकू नये. आणि एक अट त्यांनी स्वतःची घातली: शिकून झालं की पाहुण्या बायकांनी पार्टीसमोर एकेक करून नाचून दाखवायचं. त्या सगळ्याजणी बसून बघणार. आमच्या कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नेहमी बघितलं जातं तिला एकदा तरी बघणारीच्या जागी बसायचं होतं.

येणाऱ्या मैत्रिणींनीही एक गोष्ट मनाशी धरावी. शहरातली मुलगी चाळ बांधते तेव्हा घरचे तिला धीट म्हणतात. मोडनिंबची मुलगी बांधते तेव्हा तिच्या पुढच्या पिढीला आडनाव लपवावं लागतं. किशोर काळे यांनी नावापुढे आईचं नाव लावलं ते बापाचं नाव मिळालं नाही म्हणून, आणि त्यासाठी टोमणे खाल्ले. आज १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं आपल्या राज्यात सक्तीचं झालं आहे. जे बारीतल्या मुलांना लाज म्हणून चिकटवलं गेलं, तेच आपण हक्क म्हणून मिळवलं. हा हक्क मिळाल्याचा आनंद मोडनिंबपर्यंत पोचवायचा असेल, तर तिथल्या आईला शाळेच्या अर्जावर 'लावणी शिक्षिका' असं न कचरता लिहिता आलं पाहिजे.

ही सहल येत्या थंडीत ठरते आहे. आपल्या भागातही अशी कलाकेंद्रं, अशा पार्ट्या असतील. तिथल्या बायकांशी बोलून पाहा आणि त्यांच्या अटी काय आहेत ते कळवा. फी किती ठरली, ती कुणाच्या हातात गेली, एवढं तरी जरूर लिहा. त्यावरून आपल्याला एक सामाईक करार तयार करता येईल, आणि पुढच्या गटाला सुरुवात नव्यानं करावी लागणार नाही.