आधी देणं, मग दान



चातुर्मास जवळ आला की आपल्यात दानाच्या गोष्टी सुरू होतात. कुणी आहारदानाचं ठरवतं, कुणी मंदिराच्या जीर्णोद्धाराला देतं, कुणी पाठशाळेला. चांगलंच आहे. पण आज मला दानाबद्दल नाही, देण्याबद्दल लिहायचंय. दान आपल्या मनावर असतं, देणं नसतं. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की वर्षाचा नफा काढताना द्यायचा राहिलेला पगारही खर्चात धरायचा. तो न धरता दाखवलेला नफा खोटा. घरातल्या पुण्याचा हिशेब मला तसाच वाटतो.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा एक ठराव. धुणं-भांडी आणि केर-फरशीचे दर सगळ्यांनी मिळून ठरवायचे, त्याहून जास्त कुणी द्यायचे नाहीत, आणि महिन्यात एकापेक्षा जास्त खाडे झाले तर पैसे कापायचे. मी ‘मला मान्य नाही’ एवढंच लिहिलं. का मान्य नाही, ते इथे सांगते.

ठराव मांडणाऱ्या मैत्रिणींची अडचण खोटी नाही. बाई न सांगता चार दिवस येत नाही, घरात पाहुणे असतात, आपले गुडघे दुखत असतात. काहींचं घर पेन्शनवर चालतं. पण न सांगता खाडा का होतो? सांगितलं तर पैसे कापले जातात, म्हणून. ठरलेली, भरपगारी सुट्टी असेल तर ती आधी सांगेल. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी काम कमी करून घ्यावं, दर पाडू नये. रोजची फरशी एक दिवसाआड पुसली तर घर अस्वच्छ होत नाही.

दुसरं म्हणजे, आपण मिळून दर ठरवले तर ती शिस्त, आणि बायांनी मिळून मागितलं तर ‘माजल्या’. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारासाठी आणि रजेसाठी संप केला, तेव्हा त्यांनी मागितलं ते हेच होतं. इतकी वर्षं झाली, आपण अजून खाड्यांवरच भांडतोय.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी दुकान किंवा पेढी आहे. तिथलं पाहा. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या ठरल्या. घरातले पुरुष हे सगळं हिशेबात धरतात, कारण विचारायला सरकारी माणूस येऊ शकतो. आपल्या स्वयंपाकघरात तो येत नाही. दुकानात जे देणं, ते घरी आलं की उपकार कसं होतं? आपल्या नोकरी करणाऱ्या मुलाला आठवड्याला दोन दिवस सुट्टी असते, म्हणजे वर्षाला 104. मावशींना महिन्याला दोन दिल्या तरी त्या 24 होतात.

घरकामाच्या बाईच्या रजेबद्दल देशभर लागू असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेच केंद्राला सांगितलं की समिती नेमून असा कायदा करता येईल का ते पाहा. पण कायदा अजिबातच नाही असंही नाही. 2008 च्या कायद्याने महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. 18 ते 60 वयाच्या बायांची तिथे नोंदणी होते. नोंदणीसाठी आपल्याकडे काम करत असल्याचं पत्र मागितलं तर दोन ओळी लिहून सही करायला घाबरू नका. 2013 च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे, आणि तिला जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करता येते. हे तिला सांगणं आपलं काम आहे. आणि ‘गावाकडची मुलगी आणलीय, इथे शिकेल, हाताखाली राहील’ हे बोलणं आता बंद करू या. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे.

कायद्याचं एवढंच. आपलं व्रत त्याच्या पुढे जातं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. त्यातले दोन म्हणजे अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि वेळेवर खाणंपिणं न देणं. हे बैलापुरतंच आहे असं समजून आपण पुढे जातो. दशलक्षणात आपला उपवास असतो, घरात पाहुणे असतात, भांड्यांचा ढीग दुप्पट होतो. ते भांडी घासणारे हात कुणाचे? पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरात तिचा चहाचा कप वेगळा का? आणि तीन-चार घरं करून येणाऱ्या बाईला आपलं संडास-बाथरूम वापरू न देणं, हे तर एका बाईने दुसऱ्या बाईशी करूच नये.

आता थोडा हिशेब. बोनसच्या 1965 च्या कायद्यात किमान बोनस 8.33 टक्के होता. हा आकडा विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागा, उत्तर हेच येतं. म्हणजे वर्षाला एक पगार. दिवाळीचा बोनस हा बक्षीस नसून उशिरा दिलेली मजुरीच आहे, असं धरूनच तो मागितला जातो. म्हणून जुनी साडी आणि फराळाचा डबा देऊन बोनस फिटत नाही. ते वेगळं द्या, प्रेमाने द्या.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. 1972 च्या कायद्याचं सूत्र होतं, शेवटचा मासिक पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. समजा एखाद्या मावशींना 3000 रुपये आहेत आणि त्यांनी 15 वर्षं काम केलं, तर रक्कम सुमारे 26,000 होते. घरकामाला हा कायदा लागू नाही, हे मला माहीत आहे. पण महिन्याला 150 रुपये बाजूला टाकले तर 15 वर्षांत 27,000 जमतात, व्याज वेगळं. 150 रुपये आपल्याला जड नाहीत. कंबर गेली म्हणून काम सोडणाऱ्या बाईला ते केवढे वाटतील, याचा विचार करा.

माझं म्हणणं एवढंच, की ठराव करायचाच असेल तर वेगळा करू या. महिन्याला किमान दोन भरपगारी सुट्ट्या, जमेल तिने आठवड्याला एक. आजारपणात पैसे कापायचे नाहीत. आपण गावाला गेलो तर त्या दिवसांचे पैसे द्यायचे, कारण ती यायला तयार होती. दिवाळीला एक पगार. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, तिने तोंड उघडायची वाट न बघता. आणि हे सगळं एका वहीत लिहायचं, तिला वाचून दाखवायचं, तिच्याकडेही एक प्रत द्यायची.

क्षमावाणीला आपण सगळ्यांपुढे हात जोडतो. यंदा त्या आधी ती वही उघडून बघा. काही द्यायचं राहिलं असेल तर आधी ते देऊन टाका. मग दानाची पावती फाडा.