रस्त्याकडेचे चार गुंठे
(तृतीय वर्ष, कला)

यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘तरुणांचे परदेशगमन ही देशाची हानी आहे.’ अनुकूल बाजूने मातृभूमीच्या ऋणाची आठवण दिली, प्रतिकूल बाजूने डॉलर मोजले. जागतिक बँकेच्या हिशेबाने 2022 साली परदेशस्थ भारतीयांनी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडली, हे ऐकताच टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी घरी आले तर ओटीवर हाच वाद चाललेला. फरक इतकाच, की तिथे परीक्षक नव्हते आणि पणाला ढाल नव्हती, जमीन होती.

माझा दादा आयटीआय झालेला फिटर. पिरंगुटच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवे कार्ड. त्याला जर्मनीला जायचे आहे. एजंट भेटला आहे. रस्त्याकडेचे चार गुंठे काढले, की एजंटने सांगितलेला आकडा जमतो.

“जाऊ द्या पोराला, इथं राहून काय होणार?” हे ओटीवरचे लोकमत. एस.टी.त, टपरीवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे हेच ऐकू येते. गंमत अशी की 2018 साली अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने 27 देशांत पाहणी केली, तेव्हा भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी नोकरीसाठी देश सोडून जाणे ही मोठी समस्या असल्याचे सांगितले होते. म्हणजे दुसऱ्याचा मुलगा गेला तर समस्या, आपला गेला तर पेढे! पण मला यात ढोंग दिसत नाही. देशाचे विचारले की माणूस देशाचे उत्तर देतो, घराचे विचारले की घराचे.

प्रश्न त्या ‘इथं’चा आहे. मुळशीत संधी आलीच नाही असे कोण म्हणेल? शंभर वर्षांपूर्वी टाटांचे धरण आले. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. जमिनी पाण्याखाली गेल्याच. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला पडले, वीज मुंबईला गेली. मग हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले. हिंजवडी आपल्याच तालुक्यातली! ज्यांच्या जमिनी रस्त्यालगत होत्या त्यांतल्या काहींनी खोल्या बांधल्या, भाडी चालू झाली, त्यांचे बरे चालले आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या ओळखीतली बाकीची मुले फाटकावर गणवेश घालून उभी आहेत किंवा गाडी चालवत आहेत. आत जायला जे शिक्षण लागते ते त्यांना वेळेवर कोणी दिलेच नाही. पुढे लवासा आले, 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने काम थांबले, 2018 मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. तेव्हा दादाला पौडहून हिंजवडी लांब आणि जर्मनी जवळ वाटली, तर त्याला वेडा कसे म्हणू?

प्राध्यापकांपैकी काहींना हे पटणार नाही, मातीशी इमान वगैरे ते म्हणतील. त्यांना नम्रपणे एवढेच सांगते, की सेनापती बापटही शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले होते.

जाण्याला माझा विरोध नाही. आमचे आबा मुंबईला गिरणीत गेले, त्या काळी मुळशीकरांचा तोच परदेश. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी डबे पोहोचवायला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि महिन्यामागून महिने गेले, तेव्हा आबा पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले. दुसऱ्या वर्षी त्यांनी याच रानात आंबेमोहोर लावला. म्हणजे त्यांना परत यायला जागा होती. दादाच्या जाण्याचे तिकीटच ती जागा विकून काढायचे आहे, आणि माझे भांडण आहे ते एवढ्यावरच. आबांनी जाताना काही विकले नव्हते.

हे मी बोलले तेव्हा दादा म्हणाला, “तुला कॉलेजात बोलायला काय जातं? दर खेपेला गेटवर कार्डासाठी मला उभं राहावं लागतं.” यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही नाही.

पण काही गोष्टी मी शोधून काढल्या. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला परवाना सक्तीचा केला. त्याने किती फी घ्यावी यालाही मर्यादा घातली आहे. आमच्या एजंटचा आकडा त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आणि उमेदवारांना जर्मन शिकवण्याची योजना आखली. ती शिकवणी पौडला, आयटीआयच्या पोरांच्या पाळ्या सांभाळून का भरू नये? पोरे पाठवायचीच असतील, तर गुंठे न विकता पाठवता आली पाहिजेत. आपल्या महाविद्यालयानेही एक वर्ग द्यावा. संध्याकाळी खोल्या रिकाम्याच असतात.

आणि हो, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही वाटा असतो, तरी ओटीवर मला कोणी विचारले नव्हते. मीच विचारले. एजंटकडे परवान्याचा क्रमांक मागितला आहे. तो ‘उद्या देतो’ म्हणाला, त्याला आता तीन आठवडे झाले. सातबारा तूर्त आबांच्या ट्रंकेत आहे.