दोन आंकड्यांचें घड्याळ

ता. ३० डिसेंबर १८०३ रोजीं आमच्या अंजनगाव सुर्जीस दौलतराव शिंदे व इंग्रज यांचा तह झाला. इंग्रजांशीं युद्ध करणाऱ्या राष्ट्रांच्या लोकांस, विशेषतः फ्रेंचांस, शिंद्यांनीं चाकरीस ठेवूं नये, असें त्यांत एक कलम होतें. आपल्या पंचांगाप्रमाणें तें शके १७२५. पण त्याच दिवशीं पॅरिसमध्यें १२ व्या वर्षाच्या 'निव्होज' म्हणजे हिममासाची ८ तारीख होती!

राज्यक्रांतीनें तेथें कालगणनाच बदलली होती. महिना सरसकट तीस दिवसांचा, आठवडा दहा दिवसांचा, आणि १७९३ च्या हुकुमानें दिवसाचे तास दहा व तासाचीं मिनिटें शंभर! त्या काळच्या पॅरिसच्या कारागिरांचीं कांहीं 'सांगाडी' घड्याळें अद्यापि जपलेलीं आहेत. आंतील चाकें दिसावीं म्हणून पत्रे कोरून काढलेले, कांशाच्या नक्षीवर सोन्याचा मुलामा, आंकड्यांचीं कडीं पांढऱ्या मिन्याचीं, आणि धूळ बसूं नये म्हणून वर कांचेची घंटा. त्यांतील कांहींवर बारा तासांचे व दहा तासांचे आंकडे एकत्र आढळतात. नवा तास ज्यास उमगत नाहीं, त्यानें जुना पाहावा!

हा दहाचा तास फार टिकला नाहीं. ता. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यानें तो तहकूब झाला. नवल हें कीं, मीटर, लिटर व ग्रॅम हीं मापें त्याच कायद्यानें दिलीं, आणि तीं जगभर पसरलीं. असें कां व्हावें? फ्रान्सांत वजनेंमापें गांवोगांव निराळीं असत व गरिबाची फसगत होई. शेर-पायलीच्या वऱ्हाडास हें समजावून सांगावयास नको. तास मात्र सर्वांचे सारखेच होते. ते बदलून कोणाचीच अडचण दूर होणार नव्हती. घरोघरचें चालतें घड्याळ तेवढें निकामी झालें असतें.

आपल्याकडे पूर्वीं लग्नघरीं घंगाळांतील पाण्यावर घटिकापात्र सोडीत. पुढें तासांचें घड्याळ आलें, तरी चोवीस मिनिटांची घटका पंचांगांतून गेली नाहीं. १९५७ साली नवे पैसे आले, तरी पंचवीस पैशांस लोक चार आणेच म्हणत राहिले.

घरांत नवी रीत आणूं पाहणाऱ्या तरुणांनीं आणि जुनी न सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं एकच प्रश्न विचारावा: हिनें घरांतील कोणाची अडचण दूर होते? उत्तर ठरेपर्यंत दोन्ही आंकडे तबकडीवर राहूं द्यावेत.