आधी शाळा, मग घर

चांदूर रेल्वेहून शिकायला बाहेर पडलेली पोरं आता अमेरिका-दुबईपर्यंत पोचली आहेत. मागोमाग बायको-मुलं निघतात. बॅगेत पापड-कुरड्या आठवणीने भरल्या जातात, पण पोरगं कोणत्या शाळेत जाणार, हे मात्र 'तिकडे गेल्यावर पाहू!' बाईने विचारलंच तर, ''तुले काय समजते तिकडचं?''

मैत्रिणींनो, तरीही विचारा. पोराचा अभ्यास, त्याची भीती, त्याचं रुसणं तुम्हालाच ठाऊक असतं.

पहिला प्रश्न, किती वर्षांसाठी चाललो? दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर दुबईत सीबीएसईच्या शाळा आहेत. आल्यावर अभ्यासक्रमाचं अडत नाही. मात्र त्या खासगी असतात. फी कंपनी देणार की आपण, हे आधी लेखी घ्या. अमेरिकेत सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत. पण कोणती शाळा मिळणार, हे बहुतेक ठिकाणी राहत्या पत्त्यावर ठरतं. म्हणून स्वस्त घर बघून करार करण्याआधी तिथली शाळा पाहायची.

जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला इथेच गोळा करा. मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही करून घ्या. तिथून इथल्या ऑफिसात चकरा कोण मारणार?

आणि मराठीचं काय? अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी भरतात. तिथे नाव जरूर घाला. नाहीतर आजीशी फोनवर बोलायला पोराजवळ शब्दच उरायचे नाहीत.