क्लेममध्ये न बसलेले नुकसान

जयपूरच्या राजा पार्कात दिवाळीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांची दुकाने, मिठाईवाले, छोले-भटुऱ्यांपुढची झुंबड पाहून कुणाच्या मनातही येणार नाही, की शेजारच्या आदर्शनगरासकट हा भाग फाळणीनंतर पंजाब-सिंधकडून रिकाम्या हाताने आलेल्यांनी उभा केला. आपल्या उल्हासनगरची जन्मकथा हीच. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबे उतरली, १९४९ मध्ये गावाला नाव मिळाले, आणि पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. या माणसांच्या नुकसानीची सरकारने रीतसर मोजदाद केली. १९५० च्या कायद्याने दावे तपासले, १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरवली. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘क्लेम’. मागे राहिलेल्या घराचे त्यात काही टक्के तरी मिळाले. मारला गेलेला भाऊ, पळवून नेलेली बहीण, तुटलेला शेजार यांच्यासाठी त्यात रकाना नव्हता. आमचे म्हणणे असे, की हा उरलेला क्लेम पुष्कळ घरांत मुलांच्या नावावर दाखल झाला.

तो कसा दाखल होतो हे पाहायला मोठे प्रसंग लागत नाहीत. मुलगा म्हणतो, बंगळूरला नोकरी मिळते आहे. बाप विरोध करत नाही. ताटावरची नजर न उचलता एवढेच बोलतो, ‘जा बेटा, हमें तो घर छूटने की आदत है.’ त्या वाक्यात मनाई नाही, शिवी नाही, आणि त्याला उत्तरही नाही. एकवीस वर्षांच्या पोराने १९४७ शी वाद घालायचा तरी कसा? मुलीचे ठरलेले लग्न मोडले, तरी तिचे रडणे त्या दुःखापुढे किरकोळ ठरते. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रातले इव्हान बोसोर्मेन्यी-नॉज यांनी हे नेमके मांडले. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचे जगाकडे खरोखरच येणे निघते. देणेकरी सापडला नाही की वसुली निरपराध माणसाकडून होते, आणि सगळ्यात जवळचा निरपराध म्हणजे पोटचे मूल.

यावर पहिला सवाल येतो: पीडितालाच आरोपी करता? नाही. अन्याय करणारे दुसरेच होते, आणि ते बहुतेक सुटले. पण मुलासमोर तोच पीडित माणूस बलवान असतो, आणि सोसण्यातच घडलेल्या मनाला स्वतःचे हे बळ दिसत नाही. आघात जनुकांतून उतरतो, त्याला आई-बाप काय करणार, असेही हल्ली ठामपणे सांगतात. रेचल येहुदा यांच्या गटाने नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांत एका जनुकावरचे रासायनिक बदल नोंदवले हे खरे, पण तपासलेली माणसे मोजकीच होती. उलट २००३ मध्ये व्हॅन आयझेंडोर्न आणि सहकाऱ्यांनी ३२ नमुन्यांतल्या चार हजारांवर माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांपलीकडे, सर्वसाधारण घरांत असा वारसा आढळला नाही. तेव्हा नुसत्या सोसण्याला बोल लावून भागत नाही. त्या सोसण्याचे घरात पुढे काय केले, हे पाहावे लागते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ‘आम्ही हात पसरला नाही’ हे ऐकतच ही पोरे दुकानावर उभी राहिली. ते सांगणे नसते तर ही जिद्द आली असती का? कबूल. गप्प बसा असे आम्ही म्हणतच नाही. मौन पाळले तर मुले हिशेब अंदाजाने लावतात, तोही बहुधा चढा. सांगायची ती गोष्ट पुरी सांगावी. पलीकडच्या शेजाऱ्याने लपवून ठेवले तेही, आणि अलीकडे आपल्या माणसांनी कुणाची घरे लुटली तेही. ज्या गोष्टीत आपण फक्त सोसतो, तिचाच क्लेम होतो. आणि मराठी घरांनी यात पंजाब्यांकडे बोट दाखवू नये. गांधीहत्येनंतरचे १९४८ चे जळीत घ्या, किंवा १८ जानेवारी १९८२ ला सुरू होऊन रीतसर कधीच मागे न घेतलेला गिरणी संप. त्यांच्या अर्ध्या गोष्टींवर आपल्या वाड्यांत आणि चाळींतही पिढ्या वाढल्या.

इतक्या वर्षांनी उकरायचे कशाला, असे विचारणाऱ्यांनी उर्वशी बुटालिया यांचे १९९८ चे ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ वाचावे. त्यांचा मामा राणा फाळणीत लाहोरलाच राहिला, आजीला ठेवून घेतले, पुढे मुसलमान झाला. मालमत्तेसाठी थांबला, हीच त्याची इकडच्या घरातली ओळख. चाळीस वर्षे कुणी त्याला विचारले नाही. १९८७ मध्ये भाची लाहोरला त्याच्या दारात गेली, तेव्हा दिसले ते वेगळेच. इकडच्यांनी टाकलेला हा माणूस तिकडेही पुरता विश्वासाचा झाला नव्हता. नंतर बुटालियांची आईही भावाला भेटली. आजीच्या वाट्याला जे आले ते त्या भेटीने बदलणार नव्हते, आईचा रागही खोटा नव्हता. मुलीने तो राग नाकारला नाही. त्याची वसुली करायला मात्र ती गेली नव्हती, ती मामाला प्रश्न विचारायला गेली होती.