शब्द विचारायचा कुणाला?

घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हा मुलांनी इंग्रजी शब्दांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली, तर नाक का मुरडावे? वर्गात अर्थ विचारला की मागच्या बाकांवर हशा पिकतो. यंत्र हसत नाही. कोशात ‘इश्यू’पुढे अंक, वादमुद्दा, संतती असे अर्थ ओळीने उभे, आपल्या वाक्यातला कोणता, हे चॅटजीपीटी सांगते. (कधी चुकतेही, म्हणून कोश जवळच असावा!) मात्र आयता मिळालेला अर्थ टिकत नाही. निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून एबिंगहाउसने विस्मरणाचा वेग १८८५ मध्येच मांडला होता. तेव्हा मित्रहो, नुसते अर्थ विचारून थांबू नका. कालचे दहा शब्द यंत्राला आपल्याला विचारायला लावा, आणि उत्तर आधी वहीत लिहा.