‘मला वाटतं’ म्हणायला शिकवणार कोण?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे ११ रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांचे निलंबन झाले. पण काही दिवसांतच पोलिसांनी अटक केली ती चौघींना. एक डॉक्टर, तीन परिचारिका. चौघीही स्त्रिया. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली होती. तिथेही पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला.

या प्रकरणांत दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या इमारतीत आपण रात्रपाळी करतो तिथली वायरिंग कशी आहे, आग लागली तर रुग्णांना कोणत्या दाराने काढायचे, हे विचारण्याचा अधिकार आपल्या परिचारिकांना कधी असतो का? आणि असे प्रश्न विचारणे हा आपल्या कामाचा भाग आहे, हे त्यांना शिकताना कुणी सांगितलेले असते का? जबाबदारी निश्चित करायची वेळ आली की व्यवस्थेला परिचारिका आठवते. अधिकार वाटायची वेळ येते तेव्हा ती ‘फक्त सिस्टर’ असते.

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आणि परिचर्येच्या विद्यार्थिनींना संवादकौशल्यांचे तास घेते. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की रुग्णाची सुरक्षितता हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातला नुसता एक धडा नाही, तो स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे. आणि आपण तो अजून आपला मानलेला नाही.

कागदावर काय आहे?

१९९९ साली अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने एक अहवाल काढला. तिथल्या रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरत असावीत, असा अंदाज त्यात होता. आकड्यांपेक्षा त्याचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. बहुतेक चुका वाईट किंवा निष्काळजी माणसांमुळे होत नाहीत, कामाची रचनाच अशी असते की चांगल्या माणसाच्या हातून चूक व्हावी. यातूनच पुढे, २००५ साली, परिचारिकांच्या शिक्षणात गुणवत्ता आणि सुरक्षितता आणण्याचा एक प्रकल्प तिथे सुरू झाला. रुग्णकेंद्री परिचर्या, सांघिक काम, पुराव्यावर आधारित काम, गुणवत्तासुधारणा, सुरक्षितता आणि माहितीचा वापर अशा सहा क्षमता त्यांनी ठरवल्या. प्रत्येक क्षमतेचे तीन भाग केले : ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती.

आपल्याकडेही हे आले आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यात पदवीधर परिचारिकेच्या दहा मूलभूत क्षमता दिल्या आहेत, आणि सुरक्षितता, गुणवत्तासुधारणा, सांघिक काम, संवाद, नेतृत्व हे सगळे त्यांत आहे. म्हणजे कागदाबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती त्या तिसऱ्या भागात, वृत्तीत. ज्ञान आपण पुस्तकातून देतो, कौशल्य प्रात्यक्षिकात तपासतो. वृत्ती मात्र वॉर्ड शिकवतो. आणि वॉर्डात पहिल्याच महिन्यात मुलगी शिकते ती गोष्ट म्हणजे मान खाली घालून ‘हो सर’ म्हणणे.

नजर ठेवा, की बाटली हलवा?

एक उदाहरण घेऊ. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिले तर औषध आहे, थेट शिरेत टोचले तर हृदय बंद पाडते. त्याची कुपी आणि साध्या निर्जंतुक पाण्याची कुपी दिसायला सारखी असू शकते. पहाटे तीन वाजता, अर्ध्या उजेडात, चाळीस खाटांमागे एक सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी असताना काय होऊ शकते, याची कल्पना करा.

आपली शिकवण्याची पद्धत सांगते : लेबल तीनदा वाचा, लक्ष देऊन काम करा, बेसावध राहू नका. हे खरेच आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येकीला पाठ हवेतच. पण जगभरच्या मृत्यूंनंतर मिळालेला धडा याहून साधा आहे. ती कुपी वॉर्डाच्या ट्रॉलीवर ठेवूच नका. ती वेगळी, कुलपात ठेवा आणि देताना दोघींनी मिळून तपासा.

पहिला उपाय सगळा भार एका थकलेल्या बाईच्या डोळ्यांवर टाकतो, दुसरा व्यवस्था बदलतो. आपल्याला हा फरक ओळखीचा वाटायला हवा. मुलींनी रात्री बाहेर पडू नये, अंगभर कपडे घालावेत, जपून राहावे, असे सांगणाऱ्यांना आपण वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत की रस्ता सुरक्षित करायची जबाबदारी कुणाची? वॉर्डातही तोच प्रश्न आहे.

तिसरी पायरी

डॉक्टरांना फोनवर रुग्णाची स्थिती कळवण्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत शिकवतात. आत्ता काय घडते आहे, आधी काय झाले होते, मला काय वाटते, काय करायला हवे. एका मिनिटाचे काम. वर्गात मी याचा सराव घेते. एक मुलगी डॉक्टर होते, दुसरी परिचारिका.

पहिल्या दोन पायऱ्या मुली छान पार पाडतात. रक्तदाब इतका, नाडी इतकी, ऑपरेशन काल झाले, लघवी कमी आहे. तिसऱ्या पायरीला आवाज खाली जातो. ‘मला वाटतं, पेशंटला आतून रक्तस्राव होतोय’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. ‘सर, तुम्ही एकदा येऊन बघाल का’ इथवर येऊन थांबतात. काही जणी तर हसायलाच लागतात. का, असे विचारले तेव्हा एकीने सरळ सांगितले, “मॅडम, आम्हाला काय वाटतं हे घरीसुद्धा कुणी विचारत नाही.” दुसरी म्हणाली, “असं बोललं की म्हणतात, ही तोंड वर करून बोलते. मग नोंदवहीवर सही मिळत नाही.”

या दोन उत्तरांत सगळे आले. मुलगी लहानपणापासून जे शिकून येते तेच वॉर्ड पक्के करतो. उलट बोलू नये, मोठ्यांना चूक दाखवू नये, मान वर करू नये. एरवी यात तिचे नुकसान होते. रुग्णालयात मात्र तिच्या गप्प बसण्याने समोरच्या खाटेवरचे माणूस मरू शकते. फोनवर सांगितलेली औषधाची मात्रा लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवायची, हा सुरक्षिततेचा नियम आहे. पण पलीकडून ‘ऐकू येत नाही का?’ असा ओरडा बसणार असेल, तर तो नियम कोणती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पाळेल?

काही डॉक्टर म्हणतात, जीव वाचवायच्या घाईत वाद घालत बसायला वेळ नसतो. पण पुन्हा वाचून दाखवायला दहा सेकंद लागतात. आणि कामात उतरंड असायला हरकत नाही, अंतिम निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. हरकत आहे ती खालून वर प्रश्न जाऊच नये, या रिवाजाला.

त्या रिवाजाची किंमत कोण मोजते? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. नियम दिवसाला ३० चा होता. किमान १३ जणी दगावल्या. गरीब, दलित, आदिवासी, मागासवर्गीय बाया. दोष औषधांचा होता की जंतुसंसर्गाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. ‘देविका बिस्वास’ खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. पण मला अजून सतावते ते वेगळेच. अशा शिबिरात एकतिसाव्या बाईला टेबलावर घेताना ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार तिथल्या कोणत्या परिचारिकेला असतो? आणि ती म्हणालीच, तर दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीशी कोण असते?

पण त्याच आपल्यावर ओरडतात ना?

वस्तीपातळीवर काम करणाऱ्या मैत्रिणी इथे मला अडवतील, आणि त्यांचे बरोबर आहे. प्रसूतिकक्षात बाईला चापट मारणारी, ‘तेव्हा नाही का कळलं?’ असे कळा देणाऱ्या बाईला ऐकवणारी अनेकदा परिचारिकाच असते. ते झाकायचे कारण नाही. २०१७ पासूनचा ‘लक्ष्य’ हा सरकारी कार्यक्रम प्रसूतिकक्षातल्या सन्मानाच्या वागणुकीबद्दल बोलतो, कारण तो सन्मान मिळत नव्हता.

पण ही वागणूक येते कुठून? वरून खाल्लेला ओरडा खाली पोचवणे, हे उतरंडीचे काम आहे. डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर विद्यार्थिनीवर आणि मावशीवर, आणि सगळ्याच मिळून गरीब बाळंतिणीवर. स्वतःचे ऐकले जाते असा अनुभव जिला कधी आलाच नाही, तिला ‘रुग्णाचे ऐका’ हे कितीही तासांत शिकवून येत नाही. म्हणून रुग्णाचा सन्मान आणि परिचारिकेचा आवाज यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये.

तसेच तिच्या शरीराच्या सुरक्षिततेचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला होता. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोवर चार दशके त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रुग्णालये आणि नर्सिंग होम यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि प्रशिक्षणार्थीही त्याच्या कक्षेत येतात. माझ्या वर्गातल्या किती मुलींना हे ठाऊक असते? फार थोड्या. कपडे बदलायला कडी असलेली खोली नाही, रात्री वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवा नाही, आणि वर्गात विषय ‘सुरक्षितता’!

आपण काय करू शकतो?

चांगल्या शिक्षिका आहेत, त्या धडपडतात. पण एकट्या ट्यूटरच्या हातात हे नाही. बाहेरून दबाव लागेल. मला सुचणाऱ्या मागण्या अशा :

एक, असुरक्षित वाटेल तिथे थांबण्याचा आणि विचारण्याचा विद्यार्थिनीचा अधिकार प्रत्येक परिचर्या महाविद्यालयाने आणि त्याला जोडलेल्या रुग्णालयाने लेखी मान्य करावा. प्रात्यक्षिक परीक्षेत योग्य प्रश्न विचारण्याला गुण असावेत.

दोन, चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका नाव न देता नोंदवता याव्यात, दर महिन्याला त्यांवर चर्चा व्हावी आणि तिथे विद्यार्थिनी बसाव्यात. प्रामाणिक नोंदीचे उत्तर ‘मेमो’ असता कामा नये.

तीन, विद्यार्थिनींना फुकटचे मनुष्यबळ धरणे बंद व्हावे. परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात शिक्षण-रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांसाठी पाचामागे एक परिचारिका असा आहे. हा हिशेब विद्यार्थिनींना वगळून व्हावा.

चार, अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे वॉर्डात आणि वसतिगृहात लावलेली असावीत.

आपल्या गटांसाठीही कामे आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात परिचारिकांची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल. रुग्ण कल्याण समितीत आपली कार्यकर्ती असेल, तर तिने औषधांच्या ट्रॉलीचा आणि आगीच्या सरावाचा प्रश्न मांडावा. जवळच्या परिचर्या महाविद्यालयात जाऊन एक सत्र मागावे. आपल्या शिबिरांत बायकांना बोलते करण्याची जी हातोटी आपण कमावली आहे, तिची तिथे फार गरज आहे.

आणि पुढच्या वेळी एखाद्या रुग्णालयात आपली कुणी बाई दगावली आणि आपण निवेदन घेऊन गेलो, तर ‘सिस्टरला निलंबित करा’ या ओळीच्या आधी तीन प्रश्न लिहू या. त्या पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या? धोका आधी कुणी कळवला होता का? कळवला असेल, तर त्याचे काय केले? उत्तरे मिळाल्यावर जो दोषी ठरेल त्याला शिक्षा जरूर मागावी. पण हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर दुसरे कुणी विचारणार नाही.